चिमीबरोबर डेल्फ्टमध्ये एक दिवस आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जाताजाता दोन ओळी लिहून गेलो होतो, की लेकीकडे नेदरलँड्सला गेलो असताना तिच्या चिमीला घेऊन आम्ही डेल्फ्ट हे जुनं शहर दिवसभर पायी फिरलो. त्या दोन ओळींवर इतके प्रश्न आलेत की या महिन्यात गोचीड, खरूज, जंत सगळं बाजूला ठेवतोय आणि त्याच प्रश्नांची उत्तरं देतोय. चिमी कुठल्या परदेशी जातीची नाही बरं का, जळगावची गावठी कुत्री आहे, बदामी रंग, शेपटीचं टोक पांढरं. पावसाळ्यात बसस्टँडच्या मागे भिजत बसलेली लेकीला सापडली तेव्हा महिन्याभराची असेल नसेल. आता सहा वर्षांची आहे आणि लेकीच्या नोकरीपायी रॉटरडॅमला राहते.

भुसावळहून एक ताई विचारतात: कुत्र्याला घेऊन शहर बघायचं म्हणजे नक्की काय करायचं हो डॉक्टर? आम्ही कुठे जायचं म्हटलं की आमच्या टॉमीला शेजारी ठेवून जावं लागतं. त्या दिवशी सकाळपासून काय काय केलं ते नीट सांगा ना.

ताई, सगळं सांगतो. रॉटरडॅमहून डेल्फ्ट ट्रेनने पंधराएक मिनिटांवर आहे. तिकडे छोटं कुत्रं मांडीवर किंवा पिशवीत असेल तर फुकट, मोठं असेल तर त्याचं दिवसाचं वेगळं तिकीट निघतं, एकदा काढलं की दिवसभर चालतं. चिमी मोठ्यात मोडते म्हणून तिचं तिकीट काढलं आणि ती आमच्या पायाशी बसून आली. तुम्ही भुसावळच्या, रेल्वे तुमच्या घरातलीच, म्हणून हेही सांगतो की डेल्फ्टची गाडी आता जमिनीखालून जाते, नवं स्टेशन २०१५ साली सुरू झालं, आणि वर आलात की अख्ख्या छतावर शहराचा १८७७ चा नकाशा आहे निळ्या-पांढऱ्या रंगात, तिथल्या चिनी मातीच्या भांड्यांचा असतो ना तोच निळा. सरकत्या जिन्यापाशी चिमी अडून बसली आणि अगदी बरोबर केलं तिने, सरकत्या जिन्यात कुत्र्याची नखं आणि बोटांमधली कातडी अडकून फाटते, तिथे लिफ्टच वापरायची, मॉलमध्ये आपल्याकडे पण.

डेल्फ्ट हे नाव खणण्यावरून पडलंय. ज्या खणलेल्या कालव्यावरून पडलं त्याला आजही जुना डेल्फ्ट म्हणतात, आम्ही त्याच्याच काठाने निघालो. आपल्याकडे धुळ्याच्या पांझरा नदीवर फड पद्धतीचे, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायचे, पाट आहेत, पाटावरून गावाची रचना ठरते, तसंच तिथे अख्खं शहर पाण्याच्या ओळीने उभं राहिलंय. दोन्ही बाजूंना अरुंद उंच विटांची घरं, मध्ये पाणी, त्यावर कमानीचे पूल. पण बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या काठाला कठडाच नाही! रस्ता संपला की थेट पाणी. म्हणून पट्टा आखूड धरायचा, गळ्यात साधा पट्टा असेल तर छातीला बांधायचा हार्नेस घ्या, कुत्रं पडलंच तर वर ओढता येतं आणि मान आवळत नाही. दुसरी भीती सायकलींची, मागून आवाज न करता येतात. चिमीने पहिल्या अर्ध्या तासात दोन सायकलींसमोर उडी मारली, नंतर शिकली.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. पहिला तासभर मी तिला ओढत होतो. हातात नकाशा, हे चर्च, ते म्युझियम, वेळ ठरवलेली, आणि ती दर दहा पावलांवर थांबणार. शेवटी लेक म्हणाली, बाबा आज तिला ठरवू द्या ना, कुठे जायचं ते. मी नकाशा खिशात घातला. मग ती एका पुलाच्या कोपऱ्यावरच्या लोखंडी खुंटापाशी थांबली आणि मी पहिल्यांदा नीट बघितलं ती काय करते ते. आधी खुंटाच्या बुडाशी नाक लावलं, नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरा उघडत मिटत होत्या, मग डावीकडून वास, उजवीकडून वास, मग मान वर करून हवेत, परत खाली त्याच जागी, तिथे एकदा जीभ लावली आणि दात कटकटवले. चार मिनिटं. तीस वर्षं मी कुत्र्यांना टेबलावर तपासलं, पण कुत्रं वाचताना कसं दिसतं ते इतक्या निवांत बघितलं नव्हतं. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख धरतात, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे दहा कोटींपासून तीस कोटींपर्यंत. त्या खुंटावर आदल्या दिवशी कोण आलं, नर की मादी, कधी गेलं, सगळं तिला कळत होतं. शहर बघायला आपण जातो, शहर वाचते ती. त्या दिवसानंतर माझं ठाम मत झालंय की कुत्र्याला फिरवणं म्हणजे किलोमीटर मोजणं नाही, त्याला थांबू देणं. अर्धा तास वास घेत चाललेलं कुत्रं घरी येऊन शांत झोपतं, दोन तास ओढत नेलेलं झोपत नाही.

तर तिच्या मर्जीने गेलो म्हणून मांस-मच्छीचे वास असलेल्या सगळ्या गल्ल्या झाल्या. गुरुवार होता, म्हणजे मोठ्या चौकात बाजाराचा दिवस, चीजच्या मोठ्या चाकांचे ढीग, मासे, फुलं. तिथून ती आम्हाला पूर्वेच्या वेशीकडे घेऊन गेली, साधारण १४०० च्या सुमाराची वेस आहे, दोन टोकदार मनोऱ्यांची, जुन्या वेशींपैकी तेवढी एकच उरलीय, समोर पांढरा उचलता येणारा पूल. वेशीखाली गार होतं, चिमी पोट टेकून वीस मिनिटं पडून राहिली आणि आम्ही पण बसलो. दुपारी शहराबाहेर डेल्फ्टसे हाउट म्हणून तळं आणि झाडी आहे तिथे गेलो, आपला जळगावचा मेहरूण तलाव डोळ्यासमोर आणा आणि भोवती दाट झाडी कल्पा. तिथे काही भागात कुत्रं मोकळं सोडता येतं, कुठे सोडायचं कुठे नाही त्याच्या पाट्या असतात. शी उचलायची पिशवी खिशात हवीच. संध्याकाळी ट्रेनमध्ये ती लेकीच्या बुटावर डोकं टेकून घोरत होती.

धुळ्याहून एक वाचक: मुलाला तिकडच्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालीय, दीड महिन्यात निघणार. आमचा पॉमेरेनियन त्याच्याशिवाय जेवत नाही. एवढ्या वेळात कुत्र्याचे कागद होतील का?

नाही होणार भाऊ, स्पष्टच सांगतो. रेबीजच्या बाबतीत भारतातून युरोपात कुत्रं न्यायचे नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. आधी पंधरा आकडी मायक्रोचिप, त्यानंतरच रेबीजची लस, क्रम उलटा झाला तर ती लस धरत नाहीत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, ते युरोपने मान्य केलेल्या लॅबमध्ये जातं, तिथे अँटीबॉडीचं, म्हणजे लसीने रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांचं प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ युनिट किंवा त्याहून जास्त यायला लागतं, आणि रक्त काढलेल्या दिवसापासून पुढे तीन महिने थांबायचं. शेवटी निघायच्या आधी दहा दिवसांच्या आत सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र, ते मुंबईला सरकारच्या प्राणी क्वारंटाइन ऑफिसातून होतं. सगळं सुरळीत झालं तरी साडेचार-पाच महिने धरा. चिमीच्या वेळी आम्हाला सहा लागले कारण पहिल्या खेपेला रक्ताचा नमुना बाटलीतच खराब झाला.

आणि एक विचार करा. पहिल्या वर्षी मुलाची खोली बहुतेक शेअरिंगची असणार, तिथे प्राणी चालेलच असं नाही, दिवसभर तो कॉलेजात. कुत्रं तुमच्याकडे धुळ्यातच बरं. जायच्या दिवशी मुलाचा एक वापरलेला टी-शर्ट न धुता कुत्र्याच्या अंथरुणावर ठेवा, आणि जायच्या पंधरा दिवस आधीपासून जेवण मुलाने न देता तुम्ही द्यायला लागा. जेवेल तो.

पारोळ्याचे एक सर, इतिहास शिकवतात: तिथे एका राजपुत्राच्या समाधीवर कुत्र्याचा पुतळा आहे असं ऐकलंय. ही खरी गोष्ट आहे की दंतकथा?

सर, समाधी शंभर टक्के खरी, मी समोर उभा राहून बघितलीय. चौकातल्या न्यू चर्चमध्ये आहे, नाव नवं पण बांधकाम चौदाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेलं, मनोरा जवळजवळ १०९ मीटर उंच. तिथे विल्यम ऑफ ऑरेंजला पुरलंय, ज्याने स्पेनच्या राजाविरुद्धच्या उठावाचं नेतृत्व केलं, डच लोक त्याला राष्ट्रपिता मानतात. १० जुलै १५८४ ला डेल्फ्टमध्येच, त्याच्या राहत्या वाड्यात जिन्यापाशी त्याला गोळ्या घातल्या, भिंतीतली भोकं अजून जपून ठेवलीत. समाधीचं काम १६१४ मध्ये हेंड्रिक डी कीझर या शिल्पकाराने हातात घेतलं, १६२१ ला तो वारला आणि त्याच्या मुलाने ते पुरं केलं. संगमरवरात विल्यम आडवा झोपलेला, डोळे मिटलेले, आणि पायाशी त्याचं कुत्रं. एवढे खांब, एवढे ब्राँझचे पुतळे भोवती, पण लोक येऊन त्या कुत्र्यासमोर थांबतात, मी बघत होतो.

गोष्ट अशी सांगतात की १५७२ मध्ये लढाईच्या छावणीत रात्री स्पॅनिश सैनिकांनी छापा घातला, पहारेकरी मारले, आणि तंबूत झोपलेल्या विल्यमला त्याच्या कुत्र्याने पंजे मारून, तोंडावर उडी घेऊन उठवलं म्हणून तो निसटला. ही गोष्ट त्या काळातल्या, ब्रिटनमधल्या वेल्सच्या एका सैनिकाने लिहून ठेवलीय, त्यामुळे तिला आधार आहे. दुसरी गोष्ट, की मालक गेल्यावर कुत्र्याने अन्नपाणी सोडलं आणि तेही मेलं, ती मात्र दंतकथा म्हणूनच वर्गात सांगा. ते कुत्रं कुठल्या जातीचं यावर आजही दोन तट आहेत, पग पाळणारे म्हणतात आमचं, कॉइकर नावाची लाल-पांढरी डच जात पाळणारे म्हणतात आमचं. आपल्याला रायगडावरचा वाघ्या आठवतो, त्याच्यावरही केवढे वाद. पण दत्ताच्या पायाशी कुत्री, खंडोबाबरोबर कुत्रं, हे बघत वाढलेल्या माणसाला त्या समाधीपुढे परकं वाटत नाही हे मात्र खरं. मी आपसूक हात जोडले.

आम्ही आळीपाळीने आत गेलो, एक जण चिमीपाशी बाहेर. पण पावणेचारशे वर्षांपूर्वी कुत्री चर्चमध्ये सर्रास फिरायची, त्याचं चित्रच आहे. इमॅन्युएल डी विट्टे या चित्रकाराने १६५० च्या सुमाराला डेल्फ्टच्या जुन्या चर्चचं आतलं चित्र काढलं, त्यात एक कुत्रं खांबावर पाय वर करतंय. ते चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. आणि डेल्फ्टचा सगळ्यात मोठा चित्रकार व्हर्मीर, त्याच्या झोपलेल्या मोलकरणीच्या चित्राचा एक्स-रे काढला तेव्हा कळलं की दारात आधी एक कुत्रं रंगवलेलं होतं, ते त्याने नंतर पुसून टाकलं. का पुसलं असेल, मला राहून राहून वाटतं.

व्हर्मीरला ज्या जुन्या चर्चमध्ये पुरलंय त्याचा मनोरा दोनेक मीटर कललेला आहे, आपले फरकांड्याचे झुलते मनोरे आठवले. त्याच चर्चमध्ये लेवेनहुकची पण समाधी आहे. कापडाचा व्यापारी, स्वतः भिंगं घासायचा, आणि १६८३ मध्ये त्याने दातांवरचा मळ भिंगाखाली धरला तेव्हा त्यात वळवळणारे जीव दिसले. आम्हा सगळ्या डॉक्टरांचा तो मूळपुरुष आहे. तिथे मी जरा जास्त वेळ थांबलो.

अमळनेरहून एक वाचक: चिमीला तिथे खायला प्यायला काय दिलं? कालव्याचं पाणी पिऊ दिलं का?

पाणी घरूनच बाटलीत नेलं. कालव्याचं अजिबात नाही. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर निळसर-हिरवी शेवाळं येतात, ती पोटात गेली तर काही तासांत कुत्रं दगावू शकतं, आणि जिथे उंदीर तिथे त्यांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाची भीती, त्याची लस दरवर्षी हवी, आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी तर हवीच. हॉटेलवाले बाहेर कुत्र्यांसाठी भांड्यात पाणी ठेवतात ते चालतं. खाण्यात तिला उकडलेलं चिकन आणि भात. हेरिंग मासा तिकडे कच्चा, बारीक चिरलेल्या कांद्याबरोबर देतात, तिने फार लाळ गाळली पण दिला नाही, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. म्हणजे आपलं भरीत, शेवभाजी हे पण नाही, कितीही मागे लागला तरी. चॉकलेट नाही, आणि द्राक्षं-बेदाणे नाहीत, त्यांनी किडनी जाते.

जळगावहून एक वाचक, रागावून: आमच्या कॉलनीत भटक्या कुत्र्यांनी शाळकरी मुलाला फाडलं आणि तुम्ही परदेशी कुत्र्यांची सहल लिहिताय.

तुमचा राग मला समजतो, आणि त्या मुलासाठी खूप वाईट वाटलं. आधी कामाचं. चावलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. तिखट, चुना, हळद काही भरायचं नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल, लसीचे सगळे डोस पूर्ण, जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन पण मागायचं. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही, म्हणून ही घाई.

आता तिकडचं. दिवसभरात डेल्फ्टमध्ये मला मालक नसलेलं एकही कुत्रं दिसलं नाही. हे आपोआप झालेलं नाही. त्याच देशात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुत्री दुधाच्या, भाजीच्या गाड्या ओढायची, मार खायची, १९१० मध्ये त्यावर कायदा आला आणि पुढे १९६० च्या दशकात ते पूर्ण बंद झालं. पाळलेल्या कुत्र्यावर नगरपालिकेने कर लावला, काही ठिकाणी तो अजून आहे. पिल्लाला चिप सक्तीची, १ नोव्हेंबर २०२१ पासून प्रत्येक नव्या पिल्लाला पासपोर्ट सक्तीचा, त्यामुळे सोडून दिलेल्या कुत्र्याचा मालक सापडतो. आपल्याकडे रस्त्यावर आलेल्या कितीतरी कुत्र्यांच्या मागे कोणीतरी रात्री गाडीतून सोडलेली पिल्लं असतात, माझ्या दवाखान्याच्या दारात खोकी सापडायची. नसबंदी आणि लस, दोन्ही एका कॉलनीतल्या बहुतेक सगळ्या कुत्र्यांची एकदम व्हायला हवी, दोन-चार पकडून उपयोग नाही, राहिलेली दोन वर्षांत परत तेवढीच होतात. तुमच्या कॉलनीने महानगरपालिकेकडे ही मागणी लेखी लावून धरा, अर्ज लिहायला मी मदत करतो.

शिरपूर तालुक्यातून एक आजोबा लिहितात: "डॉक्टर, आमना बी कुत्रा शे, पन तो आख्खा गावभर हिंडस, त्याले कोन फिराले लई जाई?"

बाबा, तुमचा कुत्रा चिमीपेक्षा सुखी आहे या बाबतीत, त्याला थांबायला कोणाची परवानगी लागत नाही. फक्त दोन गोष्टी करा. वर्षातून एकदा रेबीजची लस, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. आणि मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा दुपारी त्याला शेतावर मागे येऊ देऊ नका. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची उलटी बाजू टेकवून सात आकडे मोजा, तेवढा वेळ हात ठेववत नसेल तर त्याच्या पंजाची कातडी पण भाजते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो. केळीच्या बागेत पाटाशी ओली माती असते, तिथे त्याला खळगा करून बसू द्या, तो स्वतःच करेल.

चाळीसगावहून सातवीतली एक मुलगी: डॉक्टरकाका, चिमीला जळगाव आठवतं का?

बाळा, हा प्रश्न मी पण लेकीला विचारला होता. मी पोचलो त्या रात्री तिच्या घरी बॅग उघडली. वर माझे कपडे, खाली उडदाचे पापड, केळ्याचे वेफर्स, आणि हिने जुन्या साडीच्या फडक्यात बांधून दिलेलं कळण्याचं पीठ. चिमी दोन वर्षांनी मला भेटत होती, दारात नाचली, अंगावर उड्या मारून झाल्या. पण बॅग उघडली आणि ती एकदम गप्प झाली. हळू आली, कपडे नाकाने बाजूला सारले आणि त्या फडक्यात नाक खुपसलं. शेपटी हलत नव्हती, कान मागे, डोळे अर्धे मिटलेले. पिठाचा वास होता की साडीचा, ती साडी आमच्या घरात तिच्या अंथरुणाला असायची, ते मला सांगता येणार नाही. लेक म्हणाली बाबा, पीठ डब्यात काढू का. मी म्हटलं पीठ काढ, फडकं तिला दे. अजून त्यावरच झोपते.